गुडमारचा अर्क साखर आणि कोलेस्टेरॉल उतरवतो का, हे नीट कसं तपासायचं

गुडमारचं ताजं पान मिनिटभर चावा, चोथा थुंका, चूळ भरा आणि जिभेवर चिमूटभर साखर ठेवा. साखर बारीक वाळूसारखी लागते. दाणे कळतात, गोडी कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने चव परत येते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहकांना चिकटतात, म्हणून हे घडतं. डेव्हिड हूपर यांनी १८८७ साली हे आम्ल पानातून वेगळं काढलं. गुडमारचा रक्तातल्या साखरेशी काय संबंध आहे यावरचा म्हसकर आणि कायस यांचा अभ्यास १९३० साली प्रसिद्ध झाला.

जिभेवरची साखर मरते म्हणून रक्तातलीही मरेल, असं मात्र आपोआप ठरत नाही. प्रयोगात साखर उतरलेली दाखवणं फार अवघड नसतं. उपाशी ठेवलेल्या उंदराचीही उतरते. ती याच पानाने, माणसाला झेपेल अशा मात्रेत आणि उपासमार न होता उतरली, हे दाखवायला बरीच मेहनत लागते. एम.फार्म., एम.एस्सी. किंवा आयुर्वेद एम.डी.च्या प्रबंधासाठी हे काम करणाऱ्यांना खाली सगळा क्रम मिळेल. बिबळा, जांभळाची बी, मेथी, कारलं यांनाही थोड्या फरकाने हीच पद्धत लागू पडते.

मधुमेह असलेल्या वाचकांना एक विनंती. गोळी बंद करून पाला खायचा आणि साखर किती येते ते बघायचं, याला चाचणी म्हणत नाहीत. त्यात जिवाला धोका आहे.

आधी पान ओळखा

गुडमारला मधुनाशिनी म्हणतात, मेषशृंगी म्हणतात आणि बोलताना मेढाशिंगीही म्हणतात. इथेच घोटाळा होतो, कारण मेढशिंगी या नावाचा एक वेगळाच वृक्ष महाराष्ट्रात आहे: डॉलिकँड्रोन फाल्काटा. त्याची पानं संयुक्त असतात, फुलं पांढरी आणि शेंगा लांब, चपट्या, वाकड्या. गुडमार म्हणजे जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे हा चिवट खोडाचा वेल. पानं साधी, समोरासमोर, अंडाकृती, शिरांवर बारीक लव. फुलं बारीक, पिवळी, छत्रीसारख्या झुबक्यात. शेंगा टोकदार, शिंगांसारख्या, आत केसाळ बिया. नुसत्या नावावर विसंबून बाजारातला वाळका पाला घेतला तर पुढचं वर्षभराचं काम कोणत्या झाडावर झालं हेच सांगता येत नाही.

म्हणून पाला स्वतः उभं राहून तोडून घ्या आणि त्याच वेलाची फुलासकट, शक्य असल्यास शेंगेसकट फांदी दाबून वाळवा. ही फांदी पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडलात किंवा आघारकर संशोधन संस्थेत दाखवून ओळख पटवून घ्या आणि नमुना क्रमांक घ्या. ठिकाण, तारीख, वेल फुलात होता की नव्हता, हे सगळं वहीत हवं. फुलाशिवायची फांदी नेली तर तज्ज्ञही खात्रीने सांगू शकत नाहीत. एका पानाची चव घेऊन वर सांगितलेला साखरेचा प्रयोग करून बघायला हरकत नाही. पण तो ओळख पटल्यावर. अनोळखी पान तोंडात घालू नका. जंगलातून पाला आणायचा असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. पुढे पेटंटचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याची बाजू पाला तोडण्याआधीच समजून घ्या.

किती पाला लागेल? हिशोब मागून पुढे करा. २५० ग्रॅमच्या उंदराला ४०० मिग्रॅ प्रतिकिलो म्हणजे रोज १०० मिग्रॅ. ८ उंदीर, २८ दिवस: २२.४ ग्रॅम. २०० आणि १०० मिग्रॅच्या गटांना ११.२ आणि ५.६ ग्रॅम. निरोगी उंदरांच्या गटाला ४०० मिग्रॅ द्यायचं तर आणखी २२.४. बेरीज ६१.६ ग्रॅम. विषारीपणाची चाचणी, एन्झाइमच्या चाचण्या, रासायनिक तपासणी आणि सांडलवंड धरून १०० ग्रॅम अर्क हाताशी असावा. उतारा (वाळक्या पाल्याच्या वजनातून मिळणारा अर्क) १५ टक्के धरला तर ६७० ग्रॅम वाळका पाला, म्हणजे साधारण तीन-साडेतीन किलो ओला. हा सगळा पाला एकाच वेळी तोडा आणि अर्क एकाच घाण्यात काढा. मध्येच अर्क संपला आणि दुसऱ्या हंगामातल्या पाल्याचा नवा अर्क सुरू केला, तर तिथून पुढे तुम्ही वेगळं औषध देत असता.

वाळवण आणि अर्क

पाला सावलीत, एका थरात पसरा आणि दिवसातून दोनदा उलटा. यंत्रात वाळवायचा तर तापमान ४० अंशांपुढे नको. हातात चुरला की कुरकुरून मोडला पाहिजे. वाकत असेल तर आत ओल आहे आणि डब्यात त्याला बुरशी धरणार. १०५ अंशांवर वाळवून ओलावा मोजा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख काढा. दुसरी जास्त आली तर पाल्यात माती आहे. जड धातूंसाठी आयुर्वेदिक औषधांना लागू असलेल्या मर्यादा अशा: शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. रस्त्याकडेचा पाला इथेच नापास होऊ शकतो.

पाला जाडसर दळा. मैद्यासारखा बारीक केला की गाळणी तुंबते. आधी पेट्रोलियम ईथरने मेण आणि हरितद्रव्याचा बराचसा भाग काढून टाका, पावडर पुन्हा वाळवा आणि मग ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवा. पावडरीच्या दहापट द्रावक, २४ तास, मधूनमधून हलवत; गाळा आणि त्याच चोथ्यावर नवं द्रावक घालून आणखी दोनदा तेच करा. तिन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांखाली आटवा.

या टप्प्यावर गुडमार हमखास त्रास देतो. पानात सॅपोनिन, म्हणजे पाण्यात फेस करणारी द्रव्यं, भरपूर असतात. अल्कोहोल उडून पाणी उरलं की फ्लास्कमध्ये साबणासारखा फेस चढतो, नळीत जातो आणि अर्क कंडेन्सरमधून पलीकडे निघून जातो. फ्लास्क एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, व्हॅक्यूम एकदम खेचू नका, आणि अल्कोहोल निघून गेलं की आटवणं थांबवून उरलेलं पाणी फ्रीझ ड्रायरवर काढा. ते नसेल तर उथळ ताटलीत ४० अंशांवर वाळवा. अर्क हवेतली ओल ओढून चिकट होतो, म्हणून छोट्या-छोट्या कुप्यांत भरून, घट्ट बूच लावून, उणे २० अंशांवर ठेवा. एकच मोठी बाटली रोज उघडली तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही अर्काच्या नावाखाली बरंचसं पाणी तोलत असाल आणि खरी मात्रा नकळत कमी झालेली असेल.

अर्कात काय आहे हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाण्यात हलवून फेस येणं, आम्ल घातल्यावर जिम्नेमिक आम्लांचा साका बसणं, या ढोबळ खुणा झाल्या. आकडा हवा असेल तर अर्काचं आधी अल्कलीने आणि मग आम्लाने विघटन करून सुटणारं जिम्नेमाजेनिन (त्या आम्लांचा गाभा) एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजतात. त्याबरोबर एचपीटीएलसीचा पट्टा (अर्कातल्या घटकांची ओळखीची छाप) काढून ठेवा. बाजारात २५ टक्के आणि ७५ टक्के जिम्नेमिक आम्लाचे अर्क मिळतात. तुमचा अर्क कुठे बसतो हे लिहिलं नाही तर दुसऱ्या कोणालाही तुमचा प्रयोग परत करून पाहता येणार नाही. तयार अर्क किंवा चूर्ण विकत घेतलं असेल तर आणखी एक तपासणी सक्तीची माना: त्यात मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं नाही ना? मधुमेहाच्या वनौषधींत अशी भेसळ सापडलेली आहे, आणि भेसळीच्या चूर्णाचे निकाल नेहमीच सुंदर येतात.

काचेतल्या चाचण्या

जनावरांकडे जाण्याआधी एन्झाइमवर बघून घ्या. अल्फा-ग्लुकोसिडेज या साखर पचवणाऱ्या एन्झाइमसाठी ९६ खाचांच्या प्लेटमध्ये ५० मायक्रोलिटर अर्क आणि ५० मायक्रोलिटर एन्झाइम, पीएच ६.८ च्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांवर १० मिनिटं ठेवा. मग ५० मायक्रोलिटर पीएनपीजी (एन्झाइमने तुटलं की पिवळा रंग देणारं द्रव्य) घाला, २० मिनिटांनी १०० मायक्रोलिटर सोडियम कार्बोनेटने क्रिया थांबवा आणि ४०५ नॅनोमीटरवर पिवळा रंग वाचा. अल्फा-अमायलेज या स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमसाठी स्टार्च आणि डीएनएसए (मोकळ्या साखरेने रंग बदलणारं द्रव्य), वाचन ५४० वर. कोलेस्टेरॉलच्या बाजूने एचएमजी-कोए रिडक्टेज (शरीरात कोलेस्टेरॉल बनवण्यातलं एन्झाइम), ३४० वर एनएडीपीएचची घट, तुलनेला प्रॅव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध.

पद्धत सोपी, फसगतही तितकीच सोपी. अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग वाचनात मिसळतो, म्हणून प्रत्येक मात्रेला एन्झाइमविना ब्लँक (कोरा नमुना) लावा. अर्कातल्या मोकळ्या शर्करा डीएनएसएशी क्रिया करतात. तिथेही तोच ब्लँक कामी येतो. टॅनिन आणि सॅपोनिन कुठल्याही प्रथिनाला गुंडाळतात, त्यामुळे खास असं काही नसतानाही एन्झाइम मंदावलेलं दिसतं. मिश्रणात थोडं अल्ब्युमिन किंवा ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून पुन्हा बघा. परिणाम नाहीसा झाला तर तो खरा नव्हता. शेवटची मेख एन्झाइमचीच आहे. यीस्टच्या ग्लुकोसिडेजवर अकार्बोज (हे एन्झाइम अडवणारं मधुमेहाचं औषध) फार कमी चालतं, त्यामुळे तुमचा अर्क ‘अकार्बोजपेक्षा सरस’ दिसतो. सस्तन प्राण्याच्या आतड्यातलं एन्झाइम वापरलं की हे चित्र पालटतं. तुलना करायची तर उंदराच्या आतड्याच्या अॅसिटोन पावडरीतून काढलेल्या एन्झाइमवर करा.

उंदरांवरचा प्रयोग

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय एकही उंदीर आणू नका. ही समिती सीसीएसईए या केंद्रीय समितीच्या नियमांनी चालते. जुन्या कागदांत तिचंच नाव सीपीसीएसईए असं दिसेल. अर्जात प्रत्येक गटात किती उंदीर आणि का, वेदना कशी कमी करणार, आणि कोणत्या क्षणी उंदराला प्रयोगातून काढून वेदनारहित मरण देणार, हे लिहावं लागतं. वजन २० टक्क्यांहून जास्त घटणं, उठता न येणं, खाणंपिणं थांबणं या खुणा आधी ठरवा. ऐनवेळी ठरवायला गेलं की आकडा वाचवायचा मोह होतो आणि प्राण्याचे हाल होतात.

मात्रेआधी विषारीपणा: ओईसीडीच्या ४२३ क्रमांकाच्या मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे तीन-तीन माद्यांचे टप्पे, वरची मात्रा २००० मिग्रॅ प्रतिकिलो, पहिल्या अर्ध्या तासात लक्ष देऊन, मग पहिले चार तास वरचेवर आणि पुढे १४ दिवस रोज निरीक्षण.

साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही बघायचं असेल तर चरबीयुक्त आहार आणि त्यावर कमी मात्रेचं स्ट्रेप्टोझोटोसिन (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारणारं द्रव्य) ही जोडी निवडा. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संस्थेतल्या गटाने २००५ साली मांडलेली ही पद्धत भारतात बरीच वापरली जाते. दर किलो आहारात नेहमीच्या खाद्याची पूड ३६५ ग्रॅम, डुकराची चरबी ३१०, केसीन २५०, कोलेस्टेरॉल १०, जीवनसत्त्व-खनिज मिश्रण ६०, मेथिओनिन ३, यीस्ट पूड १ आणि मीठ १ ग्रॅम. दोन आठवडे हा आहार, मग ३५ मिग्रॅ प्रतिकिलो स्ट्रेप्टोझोटोसिन पोटाच्या पोकळीत टोचून, आणि आहार पुढेही चालू. या उंदरांत इन्सुलिनला न जुमानणं आणि इन्सुलिनची थोडी तूट, दोन्ही येतं. टाइप २ मधुमेहाशी ते जास्त जुळतं. नुसतं ६० मिग्रॅ स्ट्रेप्टोझोटोसिन दिलं तर बीटा पेशीच मरतात आणि उरतो तो टाइप १ सारखा आजार. नर घ्या, माद्या या विषाला कमी दाद देतात. चरबीचा आहार फ्रीजमध्ये ठेवा आणि रोज ताजा घाला. खवट झाला की उंदीर खात नाहीत आणि मग सगळीच गणितं चुकतात.

स्ट्रेप्टोझोटोसिन हातात घेताना घाई आणि सावकाशी दोन्ही लागतात. ०.१ मोलर सायट्रेट बफर, पीएच ४.५, बर्फात गार केलेला. पीएच मीटरवर स्वतः बघा. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. पूड तोलून कुपीत तयार ठेवा आणि उंदीर धरल्यावरच बफर घाला. विरघळल्यावर १० ते १५ मिनिटांत सिरिंज रिकामी झाली पाहिजे. एकाच कुपीतून अर्धा तास इंजेक्शनं देत राहिलात तर पहिल्या उंदराची साखर ४०० आणि शेवटच्याची १४० येते, आणि दोष उंदरांच्या जातीला दिला जातो. द्रव्य कर्करोगकारक आहे: हातमोजे, मास्क, हूड, पुढचे दोन-तीन दिवस पिंजऱ्यातला भुसाही धोकादायक कचरा समजून वेगळा काढा.

इंजेक्शननंतरची पहिली रात्र जोखमीची. मरणाऱ्या बीटा पेशींतून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर कोसळते. त्या रात्री पिण्याच्या पाण्यात ५ ते १० टक्के ग्लुकोज द्या. सकाळी मेलेले उंदीर सापडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे हे पाणी ठेवायला विसरणं. साखर ७२ तासांनी बघा, पण गट लगेच पाडू नका. काही उंदरांची साखर आपोआप खाली येते. सातव्या दिवशी पुन्हा मोजा आणि दोन्ही वेळा २५० मिग्रॅ प्रति डेसीलिटरच्या वर असलेलेच घ्या. तेही सरसकट वाटून चालत नाही. साखरेप्रमाणे क्रम लावा आणि प्रत्येक पायरीवरचे उंदीर चिठ्ठ्या टाकून गटांत टाका, म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्या गटांची सरासरी जवळपास सारखी असेल.

गट असे: निरोगी आणि मधुमेही, या दोन्हींना फक्त ०.५ टक्के सीएमसी (अर्क ज्यात कालवतात तो द्रव). मधुमेही आणि मेटफॉर्मिन. मधुमेही आणि अॅटोर्व्हास्टॅटिन. मधुमेही आणि अर्क १००, २००, ४०० मिग्रॅ. निरोगी आणि अर्क ४००. तुलनेसाठी ग्लिबेनक्लामाइड सवयीने घेतलं जातं, पण ते जिवंत बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवून घेतं. पेशी पार मेल्या असतील तर ते चालणारच नाही. जोरदार स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदरांत ग्लिबेनक्लामाइड छान चाललं असेल, तर मधुमेह नीट झालाच नव्हता अशी शंका घ्या. प्रत्येक गटात ८ ठेवा, म्हणजे एखाद-दुसरा गळला तरी चालतं. डबे रंगांनी ओळखा. मोजणाऱ्याला कोणता रंग कोणाचा हे कळू देऊ नका.

अर्क रोज ठरल्या वेळी, १० मिली प्रतिकिलो, गोल टोकाच्या सुईने तोंडावाटे, वजन दर आठवड्याला नव्याने घेऊन. मधुमेही उंदीर भरपूर पाणी पितात आणि तितकंच मुततात. पिंजऱ्यात दोन बाटल्या आणि भुसा रोज बदललेला हवा. ओल्या भुशात राहिलेला उंदीर गारठतो, आजारी पडतो आणि त्याची साखर औषधाबद्दल काही सांगत नाही.

साखर दर आठवड्याला, सकाळी अन्न काढून ६ तासांनी, शेपटीच्या टोकातून. रात्रभर उपास नको. उंदीर रात्री खाणारा प्राणी आहे, रात्रभराच्या उपासात त्याच्या यकृतातला साठा संपतो आणि सगळ्याच गटांची साखर खाली येते. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. ग्लुकोमीटर ६०० च्या वर फक्त ‘हाय’ दाखवतो, आणि ‘हाय’ची सरासरी काढता येत नाही. अशा वेळी प्लाझ्मा काढून रासायनिक पद्धतीने मोजा.

ग्लुकोज सहनशीलता चाचणीत गुडमारसाठी एक जादा गट हवाच. अर्क देऊन अर्ध्या तासाने २ ग्रॅम प्रतिकिलो ग्लुकोज तोंडावाटे आणि ०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना साखर, हे झालं नेहमीचं. पण जिम्नेमिक आम्लं आतड्यातून ग्लुकोज शोषलं जाणंच मंद करतात. म्हणून दुसऱ्या गटाला तेवढंच ग्लुकोज पोटाच्या पोकळीत टोचून द्या. तोंडावाटे दिल्यावर आलेख खाली आणि टोचल्यावर जसाच्या तसा राहिला, तर अर्काचं काम आतड्यात आहे. मग ‘इन्सुलिन वाढवतो’ असं लिहिता येणार नाही.

पोटात काय गेलं ते मोजा

सगळ्या प्रबंधात मला एकच तक्ता बघू दिला तर मी अन्नाचा आणि वजनाचा मागेन. सॅपोनिनयुक्त, कडवट अर्क रोज पोटात गेला की उंदराची भूक मंदावते. कमी खाल्लं की साखर उतरते, ट्रायग्लिसराइड उतरतात, कोलेस्टेरॉलही उतरतं, आणि निकालांच्या पानावर अगदी औषधासारखं दिसतं. मधुमेही उंदीर खातो जास्त आणि वाळत जातो. इन्सुलिनचं काम खरंच सुधारलं तर साखर उतरते, तहान कमी होते आणि वजन टिकतं किंवा वाढतं. साखरही उतरली, वजनही उतरलं आणि अन्नही निम्म्यावर आलं, तर तुम्ही उपासमार मोजली.

रोज सकाळी घातलेलं अन्न तोला, उरलेलं तोला, भुशात सांडलेलं चाळून तोला. फरक दिसला तर आणखी एक गट लावा: अर्क नाही, पण काल अर्काच्या गटाने जेवढं खाल्लं तेवढंच अन्न आज. या गटाचीही साखर तितकीच उतरली तर अर्काचा दावा तिथेच संपतो. हे शेवटच्या आठवड्यात सुचून उपयोग नाही. आराखड्यातच जागा ठेवा.

कोलेस्टेरॉलची वेगळी बाजू

इन्सुलिन कमी पडलं की रक्तातली चरबी साफ करणारं लायपोप्रोटीन लायपेज मंदावतं आणि ट्रायग्लिसराइड चढतात. साखर सुधारली की तेही उतरतात. त्यामुळे मधुमेही उंदराचं लिपिड सुधारलं म्हणजे वनस्पती कोलेस्टेरॉलवर स्वतंत्रपणे काम करते, असं होत नाही. तसा दावा करायचा असेल तर मधुमेह नसलेल्या, फक्त चरबी वाढवलेल्या प्राण्यात वेगळा प्रयोग करा. त्यातही उंदीर हा वाईट साक्षीदार आहे: त्याच्यात एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल इतर कणांत नेणारं सीईटीपी हे प्रथिन नसतं आणि त्याचं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं. हॅमस्टर माणसाच्या जास्त जवळचा.

एलडीएल काढायला फ्रीडवाल्डचं सूत्र सगळे वापरतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले की ते माणसातही चालत नाही, आणि मधुमेही उंदरात ते सहज वाढलेले असतात. उत्तर उणे आलं तर सूत्र चुकीच्या जागी वापरलंय एवढंच समजा आणि एलडीएल थेट मोजा. तांबड्या पेशी फुटून सीरम लालसर सुटलं असेल तर तो नमुना टाकून द्या.

शेवटच्या दिवशी उंदराच्याच इन्सुलिनचा एलायझा किट वापरा. माणसाच्या किटवर भरवसा ठेवू नका. स्वादुपिंड सगळ्यात आधी काढा. ते स्वतःच्याच पाचकरसात मिनिटांत विरघळू लागतं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ‘हानी’ तुमच्या उशिराची असते. १० टक्के न्यूट्रल फॉर्मॅलिनमध्ये लगेच. मागच्या काळातली सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी मोजायचं असेल तर लक्षात ठेवा, उंदराची तांबडी पेशी सुमारे ६० दिवस जगते, त्यामुळे २८ दिवसांत बदल अर्धवटच दिसेल. एएलटी, एएसटी, क्रिएटिनिन सगळ्या गटांचं करा, निरोगी उंदरांना अर्क दिलेल्या गटाचं तर आवर्जून. गुडमार घेतलेल्या रुग्णाच्या यकृताला सूज आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

आकडेमोडीत जोडी-जोडीने टी-टेस्ट लावू नका. आठ गटांच्या २८ जोड्या होतात, आणि ५ टक्क्यांच्या पातळीवर त्यातली एखादी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता निम्म्याच्या घरात जाते. एकमार्गी अॅनोव्हा आणि मधुमेही गटाशी डनेट तुलना. आठवड्यांच्या नोंदींना पुनर्मापनाची पद्धत.

मग मात्रेचा हिशोब. उंदराची मात्रा माणसाला लावताना ६ ने गुणून ३७ ने भागतात. ४०० मिग्रॅचे होतात सुमारे ६५ मिग्रॅ प्रतिकिलो, ६० किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम अर्क, म्हणजे १५ टक्के उताऱ्याने २६ ग्रॅम वाळका पाला. परिणाम फक्त वरच्या मात्रेलाच दिसला असेल तर हा आकडा निष्कर्षात स्पष्ट लिहा. १०० मिग्रॅला दिसला तर पाला साडेसहा ग्रॅमवर येतो, आणि तेवढा माणसाच्या पोटात जाऊ शकतो.

माणसांवर

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळ्या चालू असलेल्या २२ रुग्णांना रोज ४०० मिग्रॅ गुडमार अर्क १८ ते २० महिने दिला आणि साखर सुधारल्याचं नोंदवलं. प्लासिबो (औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी) नव्हता. इतके महिने डॉक्टरांच्या नजरेखाली असलेला माणूस पथ्यही जास्त पाळतो, म्हणून आता नव्याने करायचं तर प्लासिबो हवाच.

नैतिकता समितीची मंजुरी आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी, दोन्ही अनिवार्य. मुख्य मोजमाप एकच ठरवा: १२ आठवड्यांनी एचबीए१सी. त्याहून लवकर बघू नका. माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. गटांत ०.५ टक्क्याचा फरक शोधायचा आणि प्रमाण विचलन १ धरलं, तर ८० टक्के क्षमतेसाठी (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात ६३ माणसं लागतात. वीस टक्के गळती धरून ७९. पंधरा-पंधरा रुग्णांच्या अभ्यासात एवढा फरक हाती लागणं कठीण.

गुडमारचा प्लासिबो बनवताना चव आडवी येते. चूर्ण किंवा काढा दिला की घेणाऱ्याला चहा गोड लागत नाही आणि आपल्याला खरं औषध मिळतंय हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून बंद कॅप्सूल, बाहेरून पुसून स्वच्छ केलेली, पाण्याबरोबर गिळायची, चावायची नाही. शेवटच्या भेटीत प्रत्येकाला ‘तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?’ हे विचारून उत्तर नोंदवा.

साखर ७० च्या खाली गेली तर काय, हे पहिल्या दिवशी लेखी हवं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांना ही भीती जास्त. कोणती गोळी आधी, किती कमी करायची हा नियम सगळ्यांना एकच ठेवा आणि कमी केलेली प्रत्येक गोळी नोंदवा. अर्काच्या गटात एचबीए१सी तेवढंच राहिलं पण गोळ्या कमी झाल्या, तर तोही परिणाम आहे, आणि नोंद नसेल तर तो कुठेच दिसणार नाही.